'एकाग्रता विकसित करा' : हे मराठी आहे का?

पाटीपेन्सिल
एका शिबिराच्या पत्रकाचं भाषांतर गळ्यात पडलंय. आठवी-नववीची मुलं, रोज वीस मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे बघायचं, असा बेत. इंग्रजी मथळ्याचं मी केलं 'ध्यानातून एकाग्रता विकसित करा' आणि आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ध्यान करून कुठे कुणी एकाग्र होतं? मन एकाग्र झालं तर ध्यान लागतं." आता क्रम नक्की कुठला? 'विकसित करा' मलाही खुपतंय, पण दुसरं सुचत नाही. मंगळवारी छपाईला द्यायचंय.

तिरफळ
आईंचं बरोबर आहे. पतंजलींच्या योगसूत्रांचा तिसरा पाद उघडा. 'देशबन्धश्चित्तस्य धारणा', म्हणजे चित्त एका जागी बांधून ठेवणं. त्याच जागी ते अखंड वाहू लागलं की ध्यान, आणि त्याच्या पुढे समाधी. तुमचं कॉन्सन्ट्रेशन म्हणजे धारणा. सरळ 'धारणा वाढवा' करा.

झारी
कुठली धारणा? 'आपली अशी धारणा झालेली दिसते' वाली? आमच्या कचेरीत हे वाक्य आलं की समजायचं, पुढे भांडण आहे. पालकांना वाटेल मुलांचे गैरसमज वाढवायचं शिबिर आहे.

गुळपोळी
इगतपुरीला विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून आले आहे, म्हणून बोलते. पहिले तीन दिवस नुसतं आनापान. नाकपुड्यांखाली, वरच्या ओठाच्या वर एवढ्याशा जागेवर लक्ष ठेवून येणारा-जाणारा श्वास बघायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मला श्वास सापडेचना. सापडली ती नाकाच्या शेंड्यावरची खाज आणि 'गॅस बंद केला होता ना?' ही धास्ती. विपश्यना शिकवतात ती चौथ्या दिवशी. गंमत म्हणजे मन टिकवायच्या या भागाला तिथे 'समाधी' म्हणतात. शील, समाधी, प्रज्ञा हा पाली क्रम. पतंजलींची शेवटची पायरी तिथे मधली!

झारी
'समाधी विकसित करा' असं छापलंत तर ग्रामपंचायत पेव्हर ब्लॉकचं अंदाजपत्रक घेऊन येईल.

उंबराचं फूल
तुम्ही सगळे नामं शोधताय. घोळ क्रियापदात आहे. मराठीत झोप लागते, तंद्री लागते, टाळी लागते, ध्यान लागतं, उचकीसुद्धा लागते. यातलं काहीच आपण 'विकसित' करत नाही, ती इंग्रजी 'डेव्हलप'ची पिल्लावळ. मी लहानपणी गाणं शिकायचे. तंबोरा जुळवून झाला की बाई म्हणायच्या, "हं, सा लाव." मी लावायची. त्या डोळे मिटून नुसत्या बसायच्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पेटीवरचं बोट हलायचं नाही. मग मधेच म्हणायच्या, "आत्ता लागला." मला कधीच कळलं नाही की आधीच्या 'सा'त आणि या 'सा'त मी वेगळं काय केलं. लावणं आपल्या हातात, लागणं नाही. मन लावणं आणि मन लागणं यांचंही तेच. 'मन लावून' हाच आपला जुना, धुऊन-वापरून मऊ झालेला शब्द आहे.

तिरफळ
छान, पण मथळ्याला नाम लागतं. शिवाय 'विकसित' शुद्ध संस्कृत आहे, त्याला इंग्रजीची पिल्लावळ का म्हणता?

उंबराचं फूल
शब्द संस्कृत, वाक्य इंग्रजी. 'विकसित' म्हणजे उमललेलं. कमळ आपलं आपण विकसतं, 'विकसित करा' म्हणून हुकूम सोडला तर पाकळ्या फाटतील.

संत्रासाल
ध्यानावर माझी वेगळी तक्रार. पुण्यात नोकरीला आलो तेव्हा "ध्यान देऊन ऐका" म्हणालो, तर समोरचा हसला. म्हणे हे हिंदी झालं, 'लक्ष देऊन' म्हणा. आमच्या नागपुरात आजी-पणजी ध्यान देत आल्या, त्या काय हिंदी होत्या?

झारी
हिंदीच्या शेजाराने आलंय, त्यात लाज कसली?

संत्रासाल
मग 'ध्यानात ठेव', 'ध्यानीमनी नसताना' हे पुण्यात कुणाच्या शेजाराने आलं?

गुळपोळी
आणि "काय ध्यान आहे!" हे? माझ्या मते डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं टाकून बसलेल्या माणसाला बघून कुणीतरी म्हणालं असणार. तिथल्या हॉलमध्ये अशी साठ-सत्तर ध्यानं होती, त्यातलं एक मी.

तिरफळ
व्युत्पत्ती मनोरंजक आहे, पण उलट्या बाजूने बघा. 'सुंदर ते ध्यान' यात ध्यान म्हणजे मनात धरायचं रूप, विटेवर उभी असलेली मूर्ती. तेच तिरकसपणे गबाळ्या माणसाला चिकटलं. ध्यान, अवधान, समाधी, सगळे एकाच 'धा' धातूचे.

उंबराचं फूल
अवधान आणि समाधी 'धा'चे, ध्यान नाही. ते 'ध्यै'चं, म्हणजे चिंतन करणं. तेच पालीत झान, चीनमध्ये चान आणि जपानात झेन झालं.

तिरफळ
मान्य. घाई झाली. पण मग 'अवधान' का नको? ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय 'तरी अवधान एकलें दीजे' असाच सुरू होतो. श्रोत्यांकडून माउली मागतात ते एवढंच.

झारी
आज 'अनवधानाने' उरलंय. चूक झाल्यावर माफीपत्रात लिहायचा शब्द. अवधान गेलं, 'अन' शिल्लक.

संत्रासाल
आणि 'सावधान'! स-अवधान, म्हणजे लक्षासकट. पाटीवर वाचलं की भीती वाटते, कवायतीत ऐकलं की टाचा जुळतात आणि बोहल्यावर ऐकून रामदास पळाले म्हणतात. शब्द एकच.

गुळपोळी
माझ्या लग्नात भटजींनी 'सावधान' म्हटलं तेव्हा माझं सगळं अवधान नथीच्या फिरकीत होतं.

पाटीपेन्सिल
पत्रक गेलं. मी 'मन लावायला शिकू या' असं दिलं होतं. शिबिरवाल्यांनी परस्पर 'एकाग्रता विकास शिबिर' करून घेतलं आणि खाली कमळाचं चित्र टाकलं.

उंबराचं फूल
उमललेलं की मिटलेलं?

संत्रासाल
ते राहू द्या. 'व्यवधान'चं सांगा. संस्कृतात अडथळा, आणि आमची मावशी म्हणते "मागे दहा व्यवधानं आहेत बाई". मावशी चुकते का?