सबस्क्रिप्शन सोडायचंय, पण ३८ हजार फोटोंचं काय?

पाखरूवेडी:
नमस्कार मंडळी. माझं लाइटरूम क्लासिकचं (अडोबीचं फोटो नीट लावायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर) सबस्क्रिप्शन पुढच्या महिन्यात संपतंय आणि यंदा पहिल्यांदाच ते पुढे चालू ठेवायला मन धजत नाहीये.

मी हौसेने पक्ष्यांचे फोटो काढते. अधूनमधून भाचीच्या नृत्याचे व्हिडिओ जोडून देते. काल फाइलींच्या तारखा बघत बसले: गेल्या १२ महिन्यांत मी एडिटिंगला बसले ते ६१ दिवस, आणि त्यातले ४० तर थंडीतच, पाहुणे पक्षी येतात तेव्हाचे. बाकी वर्षभर नुसताच हप्ता जातोय.

पण कॅटलॉगमध्ये २०१६पासूनचे ३८ हजार फोटो आहेत. कीवर्ड, तारे, काहींवर तासन्‌तास बसून केलेलं मास्किंग (फोटोचा ठरावीक भाग निवडून तेवढाच बदलणं). सोडलं तर हे सगळं पाण्यात का? आणि एकदाच पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर खरंच कायमचं आपलं असतं का? भाऊ म्हणतो असतं. भाऊ अजून विंडोज ७ वापरतो, त्यामुळे त्याचं मत मी बाजूला ठेवलंय.

कच्ची_फाइल:
ताई, फोटो कुठेही जात नाहीत. मूळ फाइली तुमच्याच डिस्कवर आहेत. कॅटलॉग म्हणजे नोंदवही: कोणता फोटो कुठे आहे आणि त्यावर काय काय केलं. सबस्क्रिप्शन संपल्यावरही क्लासिक उघडतं, फोटो शोधता येतात, केलेल्या एडिटिंगसकट एक्स्पोर्टही होतात. कुलूप लागतं ते डेव्हलप आणि मॅप या दोन मॉड्यूलना. (क्लाउडवालं लाइटरूम असतं तर म्हणालो असतो, आधी सगळ्या मूळ फाइली उतरवून घ्या.)

आत्ताच एक काम करा. सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस. त्याने कीवर्ड, तारे आणि एडिटिंगच्या सूचना प्रत्येक रॉ फाइलशेजारी (कॅमेऱ्यातून आलेली कच्ची फाइल) छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहिल्या जातात. कीवर्ड आणि तारे डार्कटेबल, डिजीकॅम वगैरे फुकट प्रोग्राम बिनतक्रार वाचतात. मास्किंग मात्र जसंच्या तसं दुसरीकडे जात नाही. प्रत्येकाचं रंगाचं गणित वेगळं. ज्या फोटोंवर जीव आहे ते १६ बिट टिफ करून ठेवा.

आणि हे बरेच जण विसरतात: कलेक्शन (तुम्ही केलेले फोटोंचे गट) एक्सएमपीत जात नाहीत, व्हर्च्युअल कॉपीही (त्याच फोटोच्या वेगळ्या एडिटिंगच्या नोंदी) नाहीत. कंट्रोल-एस दाबण्याआधी प्रत्येक कलेक्शनमधल्या फोटोंना त्या नावाचा कीवर्ड लावून टाका.

जुना_जोगी:
'कायमचं' या शब्दाबद्दल बोलतो. लाइटरूम ६ हे विकत मिळालेलं शेवटचं लाइटरूम, २०१५चं. त्याचा शेवटचा अपडेट डिसेंबर २०१७मध्ये आला. ते आजही चालतं, पण त्यानंतर आलेल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल दाखवली की हात वर करतं. त्यावर उपाय आहे, अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, तो रॉ फाइल अडोबीच्या डीएनजी या प्रकारात बदलतो, आधी डीएनजी करा मग उघडा. दर वेळी एक पायरी जास्त, एवढंच. मॅकवाल्यांना त्याहून मोठा दणका बसला: २०१९च्या कॅटालिनाने ३२ बिट प्रोग्राम बंद केले आणि लाइटरूम ६चा इन्स्टॉलर ३२ बिट होता.

माझी स्वतःची गोष्ट वेगळ्याच कंपनीची, नाव नको. एकरकमी घेतलेलं सॉफ्टवेअर, लायसन्सची किल्ली जपून ठेवलेली. डिस्क बदलली, पुन्हा टाकायला गेलो तर किल्ली तपासणारा सर्व्हरच बंद. सॉफ्टवेअर माझं, किल्ली माझी, दार त्यांचं.

म्हणून एकरकमी घेताना तीन गोष्टी विचारतो: इंटरनेटशिवाय चालू होतं का, किती मशीनवर टाकता येतं, आणि पुढची आवृत्ती फुकट की पुन्हा पैसे. कॅप्चर वनचंच बघा. एकरकमी लायसन्स अजून मिळतं, पण २०२३पासून त्यावर नव्या सुविधांचे अपडेट येत नाहीत.

टाइमलाइनवाली:
व्हिडिओचा प्रश्न सोपा आहे गं. डाविंची रिझॉल्व्ह, फुकटवालं. ३८४० बाय २१६० पर्यंत, ६० फ्रेम, वॉटरमार्क नाही. पैसेवालं स्टुडिओ एकरकमी आहे आणि आतापर्यंत नव्या आवृत्त्यांचे वेगळे पैसे घेतलेले नाहीत. फक्त रंगमंचावरच्या अंधारात शूट केलं असशील तर टेम्पोरल नॉइज रिडक्शन (शेजारच्या फ्रेम बघून दाणेदारपणा घालवणं) स्टुडिओतच आहे. ग्राफिक्स कार्ड बरं हवं, नाहीतर ते तुझ्या भावाच्या स्वभावावर जाईल.

फोटोशॉपसारखं काही हवं असेल तर अफिनिटी. नोव्हेंबर २०२२ला दुसरी आवृत्ती आली, जुन्या गिऱ्हाइकांनाही पुन्हा पैसे भरावे लागले. मार्च २०२४ला कॅनव्हाने कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ला मूळ सॉफ्टवेअर फुकट करून टाकलं. त्याच्या थोडंच आधी कोणी विकत घेतलं असेल, त्याच्याशी या विषयावर बोलू नये. अर्थात फुकट दिलेलं उद्या कसं दिलं जाईल हे त्यांच्या हातात.

लग्नवाला_कॅमेरा:
मी सबस्क्रिप्शन भरतो आणि लाज वाटत नाही. एका कार्यक्रमाचे ८०० फोटो, आपोआप होणारं मास्किंग नसेल तर माझा आठवडा जातो. ताईंसारखे ६१ दिवस असते तर मीही सोडलं असतं. सोडताना एक बघा: वार्षिक करार आणि महिन्याला हप्ता असा प्रकार असेल तर मध्येच थांबल्यावर उरलेल्या रकमेचा भाग कापतात. करार संपतानाच बाहेर पडा.

पाखरूवेडी:
तीन संध्याकाळी यात घालवल्या. कंट्रोल-एस रात्री लावून झोपले, सकाळी उठले तर २१२ फोटोंवर उद्गारचिन्ह. फाइलीच जागेवर नव्हत्या, कधीतरी मीच फोल्डर हलवले असणार. सापडल्या सगळ्या.

डार्कटेबलमध्ये एक खंड्या उघडला. पहिल्या संध्याकाळी त्याचा निळा रंग जांभळट दिसत होता, दुसऱ्या संध्याकाळी खंड्यासारखा दिसला. सवय व्हायला हा हिवाळा जाईल, पण नूतनीकरण करत नाहीये. अगदीच अडलं आणि सुट्या महिन्याची सोय असली तर मोसमात तेवढा एक घेईन.

एक अडचण उरलीय. १४० व्हर्च्युअल कॉपी आहेत, बहुतेक कृष्णधवल. त्यांचं काय करू?

कच्ची_फाइल:
त्या निवडून एक्स्पोर्ट करा, फॉरमॅटमध्ये 'ओरिजिनल' निवडा. प्रत्येक कॉपीची वेगळी रॉ फाइल आणि तिची स्वतःची एक्सएमपी तयार होते. फोल्डर वेगळा ठेवा, जागा बरीच लागेल. आणि दोन-चार उघडून बघा, मगच बाकीच्या करा.