मदत हवी आहे: म्यूझस्कोरमध्ये शेंकरचा ग्राफ जमत नाहीये

जळगावचा_पियानोवाला:
सोमवारी सेमिनार आहे. म्यूझस्कोर या नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ काढायला बसलो की नको तिथे विश्रांतीची चिन्हं उगवतात, सुरांच्या दांड्या (स्टेम) जात नाहीत, आणि सूर जोडणारी वरची लांब आडवी पट्टी, म्हणजे बीम, मधेच तुटतो. कोणाला येतं का? लवकर सांगा, इथे लाइटचा भरवसा नाही.

तापीकाठ:
ग्राफच ना? एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होईल.

जळगावचा_पियानोवाला:
अहो, तो ग्राफ नव्हे. शेंकर या पाश्चात्त्य संगीताच्या सिद्धांतकाराचा. सुरांचाच असतो.

सूरपेटी_धुळे:
व्हर्जन कोणतं? आणि पीस? आधी सांगत चला.

जळगावचा_पियानोवाला:
चार. बाखचा सी मेजर प्रिल्यूड.

बिनदांडी:
मग लिलीपाँडच घ्या, कोड लिहून नोटेशन काढायचं सॉफ्टवेअर. स्टेम, तालचिन्ह, बारच्या (मात्राखंडांच्या) रेषा, एकेका ओळीत गायब. माझे सगळे ग्राफ त्यातच.

सूरपेटी_धुळे:
सोमवारपर्यंत तो कोड शिकणार की सेमिनार देणार? म्यूझस्कोरमध्ये होतं भो. बारच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रत्यक्ष लांबी वाढवून एकच लांबलचक बार कर. वरच्या मुख्य ओळीचे सूर पहिल्या व्हॉइसमध्ये (स्वतंत्र थरात) आठव्या भागाचे (एट्थ नोट) लिही, मधल्या विश्रांतीही आठव्याच ठेव. चौथ्या भागाची विश्रांती आली की बीम तुटतो, तुझं तिथेच अडलंय. मग बीम जोड, नोटहेड (सुराचा गोळा) पांढरं कर, विश्रांती निवडून व्ही दाब म्हणजे लपतील. बाकीचे सूर दुसऱ्या व्हॉइसमध्ये, बिनदांडीचे. तालचिन्हही व्हीनेच लपव.

बिनदांडी:
एवढा खटाटोप करून वर जुगाडच! बास (खालची ओळ) बदलला की सगळं परत.

अमळनेरकर:
हाच प्रिल्यूड शेंकरने १९३२ साली छापलेल्या पाच ग्राफांत आहे. तो समोर ठेवा, सूर किती कमी उरतात ते दिसेल. सगळे सूर लिहिले तर ग्राफ कसला, ती नक्कलच.

तापीकाठ:
आपल्याकडे भातखंडे असताना हे कशाला? खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी लिहा की कोणीतरी.

अमळनेरकर:
भातखंडे लिपी गाणं उतरवून ठेवते, हा ग्राफ त्यातलं काय महत्त्वाचं ते दाखवतो. दोन वेगळी कामं. कानबाईचं मात्र पटलं, वेगळा धागा काढा.

जळगावचा_पियानोवाला:
बीम जुळला! पण तुटक स्लर (सुरांवरची कमान) कसा करायचा? आणि पीडीएफमध्ये लपवलेलं परत दिसेल का?

सूरपेटी_धुळे:
नाही दिसणार. स्लर निवड, प्रॉपर्टीजमध्ये लाइनचा प्रकार बदल.

तापीकाठ:
प्रिंट कुठे काढणार? जळगावात रविवारी दुकानं उघडी सापडतील का?