फ्रेनेल भिंगाने क्रशरची डस्ट भाजतोय: वर काच, खाली कच्ची पूड

कृष्णाकाठ (कराड)
चंद्रावरच्या मातीच्या विटा नुसत्या उन्हावर कशा भाजता येतील, त्याचा नमुना प्रदर्शनासाठी करतोय. १ मीटर बाय १ मीटरचं ॲक्रिलिक फ्रेनेल भिंग (गोल खाचा असलेलं सपाट भिंग) आहे, नाभीय अंतर १ मीटर. माल म्हणजे खडी क्रशरची चाळलेली डस्ट. एकवटलेल्या उन्हाचा ठिपका स्थिर ठेवला की वर काळी काच धरते, तिच्यात बुडबुडे येतात आणि ५ मिमी खाली पूड जशीच्या तशी राहते. ठिपका सरकवत पट्टी काढली तर गार होताना टिकटिक आवाज करत तडकते. चुकतंय कुठे? जांभ्याची पूड चालेल का?

भट्टी_मिरज
आधी माल बघू. डस्ट योग्यच आहे, आपला काळा दगड म्हणजे बेसॉल्ट (थिजलेला लाव्हा), चंद्रावरचे काळे डागही त्याचेच. पण आपल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट (पाणी धरून ठेवणारं खनिज) आणि कॅल्साइट (चुन्याचं खनिज) असतं. झिओलाइट तापलं की पाणी सोडतं, कॅल्साइट ८०० अंशांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. वितळलेला दगड काकवीपेक्षा दाट असतो, त्यात वायू अडकतो. तेच तुमचे बुडबुडे. पांढरे ठिपके असलेली डस्ट घेऊच नका. बाकीची भट्टीत ९०० अंशांवर तासभर भाजा, मग १५० मायक्रॉनच्या चाळणीतून काढा.

जांभा नको. त्यात लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं आणि बांधलेलं पाणी. पाणी उडून जातं, मागे उरतं ते सहजी वितळत नाही.

माण_खटाव
आता भिंगाचं. ८००-९०० वॅट ऊन पडलं तरी ॲक्रिलिक आणि खाचांतली घट वजा जाता ६००च्या आसपास ठिपक्यात उतरतं. ११०० अंशांवरचा पृष्ठभाग स्वतःच चौरस मीटरला २०० किलोवॅट बाहेर टाकतो. ठिपका ५ सेंमीचा असेल तर तुमच्याकडे चौरस मीटरला ३००च येतात, त्यातलं हवा आणि खालची पूडही खाते. २ सेंमीच्या ठिपक्यात तेच १९०० होतात. म्हणून २ सेंमी धरा, थर २ मिमीचा पसरा, वेग सेकंदाला २-३ मिमी. एक थर झाला की वर दुसरा. जाड ढिगावर ऊन जास्त वेळ धरून काही साधत नाही, कारण पूड उष्णता खाली जाऊच देत नाही.

सूर्य सरकतो म्हणून ठिपकाही मिनिटाला ४ मिमीहून जास्त सरकतो, चौकट फिरती हवी. धुरकट दिवस सोडा. पाचट पेटवलेल्या दिवसांत उजेड दिसतो, पण विखुरलेलं ऊन भिंगाला एकवटता येत नाही. ठिपक्याकडे वेल्डिंगच्या १२ नंबरच्या काचेतूनच बघा. काम थांबलं की भिंगावर ताडपत्री टाका, उघडं भिंग आग लावतं.

सिरॅमिक_सांगली
तडकण्याचं कारण गार होण्यात आहे. कोलोनच्या जर्मन अंतराळ केंद्रात २०१७ मध्ये १४७ आरशांच्या सौरभट्टीत ०.१ मिमीचे थर भाजत २० × १० × ३ सेंमीची वीट केली, ५ तास लागले. तिच्याही कडा वळल्या, कारण मधल्या भागाआधी कडा गार होतात. २०२३ मध्ये युरोपातल्या गटाने सूर्याऐवजी लेझरचा साडेचार सेंमीचा झोत वापरला. झोताच्या रेघा एकमेकींना छेदल्या की तडे जात, म्हणून मध्ये पोकळ असलेले त्रिकोण एका दमात काढले.

तुम्हीही रेघ रेघेवरून नेऊ नका. पूड ठेवलेली पेटी आधी ३००-४०० अंशांना तापवा. काम झालं की लगेच वर सिरॅमिक वुल (उष्णता अडवणारी लोकर) टाका. ७०० ते ५०० अंश हा टप्पा सर्वांत सावकाश उतरवा, काच तिथेच ताण धरते. के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) पट्टीच्या कडेला ठेवा, मध्ये नको.

कृष्णाकाठ (कराड)
मग चंद्रावर हवा नाही, ढग नाहीत, तिथे तरी सोपं ना?

माण_खटाव
ऊन जास्त मिळतं, चौरस मीटरला १३६१ वॅट. पण कणांमध्ये हवा नसल्याने पूड आणखी वाईट वाहक होते. चांद्रयान-३च्या तापमापकाला पृष्ठभाग ५० अंशांच्या वर असताना ८ सेंमी खाली उणे १०च्या आसपास आढळलं. म्हणजे थर तिथेही पातळच. शिवाय वितळताना सोडियम-पोटॅशियम उडून समोरच्या भिंगावर बसतं, धूळ विजेच्या भाराने चिकटते, आणि १४ दिवसांनी तेवढीच लांब रात्र. हवा नसल्यामुळे एक फायदा मात्र खरा: लोह गंजत नाही, तुमच्या पट्टीला येतो तसा तांबूस पापुद्रा तिथे यायचा नाही.

प्रदर्शनात जाड ढिगाचा फसलेला तुकडा कापून चांगल्या पट्टीशेजारी ठेवा. काच कुठे संपते आणि पूड कुठे सुरू होते, ते बोट लावून कळू दे.