महागड्या रेस्टॉरंटमधील अनोळखी पदार्थांचा दर्जा कसा ओळखावा?

सहकारनगरकर

नमस्कार मंडळी.

दोघांच्या जेवणाला सहज पाच-सहा हजार रुपये लागावेत अशी रेस्टॉरंट्स आता पुण्यात बरीच झाली आहेत. कोरेगाव पार्क आणि कल्याणीनगरात ती होतीच, आता बाणेर-बालेवाडीकडेही निघाली आहेत. घरातला वाढदिवस, लेकीची बढती अशा निमित्ताने आमचेही तिथे जाणे होते. खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. अधूनमधून चांगले जेवायला जावे आणि तेव्हा हात आखडता घेऊ नये, असेच मला वाटते. प्रश्न वेगळा आहे. अळूचे फदफदे, मसालेभात किंवा उकडीचे मोदक जमले आहेत की नाही हे मी पहिल्या घासाला सांगू शकतो, कारण हे पदार्थ लहानपणापासून अनेकांच्या हातचे खाल्ले आहेत. पण ज्या पदार्थाशी जिभेची आधीची ओळखच नाही, तो चांगला झाला आहे हे कशावरून ठरवायचे?

अलीकडेच एका नावाजलेल्या ठिकाणी अळंबीचा रिसोटो, म्हणजे मऊ इटालियन भाताचा एक प्रकार, मागवला. तो पातळसर होता, शितांच्या मध्ये कणी राहिली होती आणि वरून घातलेल्या ट्रफल (जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी) तेलाचा वास इतका उग्र होता की अळंबीची चव शोधावी लागत होती. मला तो कच्चा वाटला, तर लेकीचे म्हणणे पडले की रिसोटो असाच असतो. वाढणाऱ्याला विचारल्यावर त्यानेही तेच सांगितले. एखादा पदार्थ मुळातच तसा असतो आणि एखादा बिघडलेला असतो, यातला फरक ज्याने तो पूर्वी खाल्लेला नाही अशा माणसाने कसा ओळखावा? कृपया रेस्टॉरंटची नावे सुचवू नयेत. मला निकष हवे आहेत.

भटारखाना

सहकारनगरकर, प्रश्न अगदी योग्य आहे. मी काही वर्षे मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काम केले आहे, म्हणून तुमच्या रिसोटोपासूनच सुरुवात करतो.

रिसोटोसाठी आर्बोरिओ किंवा कार्नारोली जातीचा, आखूड आणि भरपूर पिष्ट असलेला तांदूळ वापरतात. तो लोण्यात किंवा ऑलिव्ह तेलात परतून त्यात गरम स्टॉक (भाज्या किंवा हाडे उकळून काढलेले पाणी) थोडा थोडा घालत, ढवळत शिजवतात. ढवळण्याने दाण्याच्या बाहेरचे पिष्ट सुटते आणि तेच स्टॉकला दाट, रेशमी करते. शेवटी आचेवरून उतरवून थंड लोणी आणि पार्मेझान चीज घोटून घालतात. त्यामुळे रिसोटो सैल असणे बरोबर आहे. तो ताटलीत सावकाश पसरला पाहिजे आणि ताटली हलवली की त्याने सरकले पाहिजे. पण त्या सैलपणात पाणी वेगळे आणि शिते वेगळी दिसता कामा नयेत. कडेने पातळ स्टॉकचे वळे सुटले असेल, तर तो घाईत जुळवलेला आहे असे खुशाल समजावे.

कणीबद्दलही तसेच. शिताने दाताला किंचित प्रतिकार करावा, ही अपेक्षा असते. मात्र शीत दाताखाली खडूसारखे भुसभुशीत लागले आणि चावून पाहिल्यावर मध्ये पांढरा ठिपका दिसला, तर ते कच्चेच आहे, आणि इटलीतही त्याला कच्चेच म्हणतील. बहुतेक ठिकाणी तांदूळ दुपारीच अर्धा शिजवून ट्रेमध्ये पसरून गार करतात आणि केओटी (गिऱ्हाइकाच्या मागणीची चिठ्ठी) आली की काही मिनिटांत पुरा करतात. यात गैर काही नाही, एरवी प्रत्येक ताटलीला अठरा-वीस मिनिटे लागतील. पण शेवटच्या त्या मिनिटांत घाई झाली की दाणा कच्चा राहतो आणि दाटपणा आणण्यासाठी क्रीम ओतले जाते. क्रीमचा दाटपणा जिभेवर साय धरल्यासारखा बसतो, पिष्टाचा तसा बसत नाही. एकदा हा फरक लक्षात आला की विसरला जात नाही.

ट्रफल तेलाबद्दल तुमच्या नाकाने दिलेली साक्ष खरी आहे. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलांत ट्रफलचा अंश नसतो किंवा नावापुरता असतो. त्यांचा वास प्रयोगशाळेत तयार केलेल्या, गंधक असलेल्या एका सुगंधी द्रव्यामुळे येतो. खऱ्या ट्रफलचा गंध बहुपदरी असतो आणि गरम पदार्थावर पातळ काप किसल्यावर थोड्याच वेळात विरून जातो. जो वास पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एकाच पट्टीत, एकाच जोरात येत राहतो, तो बाटलीतला आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. पदार्थ अनोळखी असला तरी काही गोष्टी कोणत्याही देशाच्या स्वयंपाकात सारख्याच असतात, आणि त्या तुम्हाला आधीपासून कळतात. गरम पदार्थ गरम आहे का, आणि ज्या ताटलीत तो आला ती गरम आहे का? मीठ वरून भुरभुरलेले आहे की आत मुरलेले? भाजलेल्या मांसाला किंवा फ्लॉवरला तपकिरी रंग आला आहे, की नुसते वाफवून वर काळ्या रेघा ओढल्या आहेत? तो तपकिरी रंग आणि खमंगपणा साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर प्रथिने आणि साखर यांच्यातल्या प्रक्रियेने येतो. तवा पुरेसा तापला नसेल किंवा वस्तू ओली असेल, तर तो येत नाही. कातडीसकट आलेला मासा कातडीकडून कुरकुरीत नसेल, तर ती कातडी ताटलीत ठेवण्याला अर्थच उरत नाही. हे ओळखायला परदेशी जावे लागत नाही.

रास्तापेठी

भटारखाना यांचा प्रतिसाद फार उपयुक्त आहे, पण मला त्यात थोडी भर घालायची आहे आणि एका बाबतीत मतभेदही नोंदवायचा आहे. तंत्र निर्दोष असूनही जेवण निर्जीव असू शकते. प्रत्येक ताटली नेमकी शिजलेली, नेमकी मांडलेली, आणि तरीही घरी परतताना एकही चव आठवत नाही, असा अनुभव महागड्या ठिकाणी मला वारंवार आलेला आहे.

मिशलिन गाइडचे निकष या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. १९०० साली फ्रान्समध्ये मोटारवाल्यांसाठी सुरू झालेल्या या पुस्तिकेने १९२६ पासून रेस्टॉरंटांना तारे द्यायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये एक, दोन व तीन ताऱ्यांची श्रेणी आणली. आज ते पाच गोष्टी पाहतात: कच्च्या मालाचा दर्जा, तंत्रावरची हुकमत, चवींचा मेळ, पदार्थांतून दिसणारे शेफचे व्यक्तिमत्त्व, आणि संपूर्ण मेन्यूत व पुन्हा पुन्हा गेल्यावरही टिकणारे सातत्य. सजावट, झुंबरे, खुर्च्या, वाढप्यांचा गणवेश यांना तारा देताना स्थान नाही. भारतात हे गाइड निघत नाही. परंतु २०२५ मध्ये दुबईच्या 'ट्रेसिंड स्टुडिओ' या भारतीय रेस्टॉरंटला तीन तारे मिळाले, आणि भारतीय स्वयंपाकाला हा मान प्रथमच मिळाला. म्हणजे हे निकष आपल्या अन्नाला लागू होत नाहीत, असे म्हणण्यात अर्थ नाही.

यातला सातत्याचा निकष मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि आपल्याकडे नेमकी त्याचीच उपेक्षा होते. मोबाइलवरचे साडेचार तारे म्हणजे अनेकांच्या एकेका संध्याकाळची सरासरी असते. त्यात पार्किंग मिळाले का, केक फुकट मिळाला का, हेही मिसळलेले असते. चांगले समीक्षक नाव लपवून जातात, स्वतःचे पैसे देतात आणि पुन्हा जातात. १९९३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षक रूथ राइशेल यांनी 'ल सर्क' या बड्या रेस्टॉरंटला ओळख लपवून आणि ओळख पटल्यावर, अशा दोन्ही प्रकारे भेटी दिल्या. दोन्ही वेळची वागणूक किती वेगळी होती ते त्यांनी शेजारी शेजारी मांडले आणि टाइम्सच्या श्रेणीतला त्याचा एक तारा कमी केला. आपण सामान्य गिऱ्हाइके आहोत, ही आपली जमेची बाजू आहे. आपल्याला मिळते ती वागणूक खरी असते.

एक व्यावहारिक सूचना. शनिवारी रात्री कुठल्याही ठिकाणाची परीक्षा करू नये. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी जावे, दोन-तीनच पदार्थ मागवावेत आणि स्पीकरपासून लांबचे टेबल मागावे. कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात गोड आणि खारट चव मंद जाणवते. डीजे लावलेल्या जागी मीठ कमी वाटले, तर दोष शेफचा की स्पीकरचा हे ठरवताच येत नाही.

मंदाकिनी

रिसोटोचा विचार झाला, पण मला राग येतो तो आपल्याच पदार्थांवर होणाऱ्या अन्यायाचा. तिथे तर आपली जीभ तयार आहे, मग आपण गप्प का बसतो?

'मॉडर्न इंडियन' म्हणवणाऱ्या एका ठिकाणी ज्वारीची छोटी भाकरी, ठेचा आणि पिठले अशी ताटली आली. मांडणी देखणी होती आणि पिठले खरोखर उत्तम होते, लसणाची फोडणी वरून वेगळी दिलेली. भाकरी मात्र आधी थापून, भाजून ठेवलेली आणि मागाहून गरम केलेली होती. भाकरीचे आयुष्य तव्यावरून उतरल्यापासून मोजून काही मिनिटांचे असते. ताजी भाकरी मोडली की पापुद्रा सुटतो आणि आतून वाफ येते. ठेवलेली भाकरी वाकते, पण तुटत नाही, आणि पुन्हा गरम केली की चामड्यासारखी चिवट होते. हा दोष पुण्यातल्या कुठल्याही घरात पहिल्या तुकड्याला कळेल. साडेचारशे रुपये घेणाऱ्या स्वयंपाकघराने तव्यापाशी एक माणूस उभा ठेवायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर भारतीय जेवणाची परीक्षा कशी घ्यावी, तेही सांगते. अनेक स्वयंपाकघरांत तीनच मूळ ग्रेव्ह्या तयार असतात: कांदा-टोमॅटोची, मखनी आणि काजूची पांढरी. मेन्यूवरच्या भाज्या त्यांच्याच मिश्रणातून निघतात. म्हणून वेगवेगळ्या नावांचे दोन रस्से मागवून ते एकामागून एक नुसते चाखावेत. दोन्हींच्या तळाशी तोच गोडसर काजू आणि तीच कसुरी मेथी लागली, तर त्या मेन्यूची लांबी फसवी आहे. याउलट मेन्यू लहान असेल, ऋतूप्रमाणे बदलत असेल, तर ते चांगले लक्षण. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात येते, भर पावसाळ्यात नाही. तसेच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत कोणी 'आजच कोकणातून आलेली सुरमई' म्हणून सांगितले, तर ती कुठून आली हे जरूर विचारावे. बर्फातली आहे असे प्रामाणिकपणे सांगणारे ठिकाण मला अधिक विश्वासाचे वाटते.

हिशोबी

अन्नाबद्दल वरच्या मंडळींनी उत्तम लिहिले आहे, मी फक्त बिलापुरते लिहितो. पदार्थ चांगला आहे का आणि तो त्या किमतीचा आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बिल पाहूनच आपण अन्नाविषयी मत बनवतो, ते बरोबर नाही.

स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो. सेवाशुल्क हा मात्र कर नव्हे. ते बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती वैध ठरवली. नको असल्यास ते काढायला सांगावे. न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. वाढप्याची सेवा आवडली असेल, तर ती रक्कम त्याच्या हातात द्यावी.

सहकारनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. भटारखाना यांनी सांगितलेला पांढरा ठिपका आमच्या ताटलीत होता, हे मला स्पष्ट आठवते, आणि कडेला स्टॉकही सुटलेला होता. लेकीलाही हे प्रतिसाद वाचायला दिले. आता एकच विचारतो. असा दोष आढळला, तर पदार्थ परत पाठवणे शिष्टाचाराला धरून आहे का? आमच्या पिढीला ताटात आलेले अन्न परत करणे जड जाते.

भटारखाना

अवश्य पाठवावा, फक्त पद्धत सांभाळावी. पहिल्या दोन-तीन घासांतच सांगावे, अर्धी ताटली संपवून नव्हे. 'आवडले नाही' असे म्हटले, तर स्वयंपाकघराला काहीच कळत नाही आणि वाढणारा फक्त क्षमा मागून मोकळा होतो. त्याऐवजी 'भाताचा दाणा मध्ये कच्चा आहे' किंवा 'मासा आतून गार आहे' असे नेमके सांगावे आणि ताटली शेफला दाखवण्याची विनंती करावी. चांगल्या ठिकाणी प्रत्येक ताटली बाहेर जाण्याआधी पासवर, म्हणजे तयार ताटल्या ठेवतात त्या ओट्यापाशी, कोणीतरी तपासत असते, आणि त्याच्या नजरेतून सुटलेली चूक त्याला तिथल्या तिथे कळणे हे त्याच्याही हिताचे असते. पदार्थ निर्दोष आहे, पण तुम्हाला रुचला नाही, अशा वेळी मात्र तो परत करू नये. तसे असेल तर मागवण्याआधीच वाढणाऱ्याला विचारावे की हा पदार्थ इथे कसा करतात, किती वेळ लागतो आणि त्यात क्रीम असते का. रिसोटोला वीस मिनिटे लागतील असे कोणी सांगितले, तर आनंदाने थांबावे.