बंदूक ठेवायची कुठे?
अमेरिकेतल्या काही राज्यांसारखं शिक्षकांच्या हाती पिस्तूल दिलं की हल्लेखोर शाळेकडे फिरकणार नाही, हे काहीजणांचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. पाकिस्तानातल्या पेशावरचं बघा. 16 डिसेंबर 2014 ला तिथल्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये 130 हून अधिक मुलं मारली गेली, त्यानंतर खैबर पख्तुनख्वा या तिथल्या प्रांतात शिक्षकांना शस्त्र बाळगायची मुभा मिळाली. जुलै 2015 मध्ये त्याच प्रांतातल्या स्वातला बंदूक साफ करताना एका शिक्षकाकडून गोळी सुटली आणि 12 वर्षांचा विद्यार्थी गेला. हल्लेखोर आलाच नव्हता.

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक ठेवणारी घरं आहेत, आमचंही त्यातलंच. बाबांची एकनळी माळ्यावर, काडतुसं आईच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. निवडणूक आली की बंदूक पोलीस स्टेशनात जमा. एवढं करूनही धाकटा भाऊ एकदा माळ्यावर सापडला, नळीला डोळा लावून आत बघत बसलेला. आईचे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. मी प्राथमिकच्या पोरांना शिकवते, दिवसभर ती ओढणीला नाहीतर पर्सला लोंबकळत असतात. बंदूक कुलपात ठेवली तर वेळेला हाती लागणार नाही, अंगावर ठेवली तर त्यांच्या हाताशी. मग ठेवू कुठे?