ऊतीसंवर्धित केळीच्या रोपांना मायकोरायझा नेमका कोणत्या टप्प्यावर द्यावा?

नागपूरजवळ आमची छोटी रोपवाटिका असून, प्रयोगशाळेतून आणलेली ऊतीसंवर्धित ग्रँड नैन केळीची रोपे आम्ही शेडनेटखाली आधी कोकोपीटच्या ट्रेमध्ये आणि नंतर पिशवीत वाढवतो. बाटलीत निर्जंतुक वाढल्यामुळे या रोपांच्या मुळांवर उपयुक्त बुरशी मुळीच नसते, म्हणून मागील हंगामात पिशवी भरताना प्रत्येक रोपाच्या मुळाशी ५ ग्रॅम दाणेदार मायकोरायझा (मुळांसोबत राहून त्यांना अन्नद्रव्ये मिळवून देणारी बुरशी) टाकला. सहा आठवड्यांनी काही मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा या बुरशीचे मोजकेच निळे तंतू दिसले.

मर रोग टाळण्यासाठी त्याच काळात कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळांशी द्रावण ओतणे) झाली होती आणि दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत) सुरू होते. जास्त स्फुरद असताना ही बुरशी मुळात नीट शिरत नाही, हे मला उशिरा उमगले. या वेळी १९:१९:१९ थांबवले आहे, मात्र आळवणी पूर्ण बंद करण्याचे धाडस होत नाही. ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी) अद्याप वापरलेला नाही, आणि स्वतःची प्रयोगशाळा नसल्याने बाटलीतच बुरशी देणे शक्य नाही.

अशा स्थितीत मायकोरायझा ट्रेमध्येच द्यावा की पिशवीत, आणि कार्बेन्डाझिमनंतर किती दिवसांचे अंतर ठेवावे?