मदत हवी आहे: हंसराजाचे बीजाणू रुजवताना बुरशी येते

नववीच्या मुलांना वनस्पती पाण्यातून जमिनीवर कशा आल्या ते पुस्तकाबाहेर दाखवायचंय. सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी त्या जमिनीवर आल्या, तरी नेच्यांचे (फर्नचे) पुंयुग्मक, म्हणजे नर पेशी, अजूनही पाण्यातूनच पोहत अंडपेशीकडे जातात. हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या विहिरीच्या भिंतीवरून हंसराज या नेच्याची पानं आणली. कागदावर ठेवल्यावर दुमडलेल्या कडांतून दोन दिवसांत तपकिरी भुकटी, म्हणजे बीजाणू, पडली. उकळत्या पाण्याने धुतलेल्या कोकोपीटवर ती पसरली, डबा झाकून खिडकीत ठेवला, ऊन थेट येत नाही. तीन आठवड्यांनी हिरवी झाक दिसली, मागोमाग पांढरी बुरशी. दोनदा असंच झालं. दुसऱ्या वेळी गाळलेलं पाणी वापरलं, फरक नाही.

घरात प्रेशर कुकर आहे, चारशे पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप आहे. प्रयोगशाळा नाही, एसी नाही. तयार रोप नको, बीजाणूतून आधी उगवणारा हृदयाच्या आकाराचा प्रोथॅलसच हवा, त्यावरच पुंयुग्मक आणि अंडपेशी तयार होतात.

कोकोपीट कुकरमध्ये किती वेळ ठेवायचं, आणि बीजाणू न मारता त्यांच्यावरची बुरशी कशी घालवायची?